तळाचा जागल्या

मार्गशीर्ष लागला की तळं वरून खाली निवत जातं. दिवसभर उन्हात कोमट झालेलं वरचं पाणी रात्री आपली ऊब आभाळाला देऊन टाकतं, गार होतं, जड होतं आणि कुणाला न कळता खाली उतरतं. त्याच्या जागी खालचं पाणी वर येतं. तेही निवतं, तेही उतरतं. रात्रभर, आणि मग कितीतरी रात्री, ही ये-जा चाललेली असते. उन्हाळ्यात तळ्याचे दोन थर पडलेले असतात. वरचा उबदार आणि उजेडाचा, खालचा गार आणि अंधाराचा. दोघांचं एकमेकांशी फारसं येणंजाणं नसतं. तळाला कुजणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू हळूहळू संपवत असतो आणि वरून नवा मिळत नाही. थंडी येते आणि हे दोन थर एकमेकांत मिसळून टाकते. वरचा श्वास तळापर्यंत पोचतो. गार पाण्यात प्राणवायू मावतोही जास्त. तीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, वीस अंशांच्या पाण्यात नऊच्या आसपास. दीड मिलिग्रॅमचा हा फरक आपल्या हाताला कळणार नाही. तळाशी राहणाऱ्या जिवाला तो ऋतू पालटल्यासारखा कळतो.

राधानगरी तालुक्यात धामोडजवळ तुळशी जलाशय आहे. पंचगंगेच्या प्रवाहांपैकी एक असलेल्या तुळशी नदीवर धरण बांधलं आणि खोऱ्यात हे पाणी साठलं. डिसेंबरात पहाटे त्याच्या काठावर उभं राहिलं तर पाण्यावर वाफेचे पुंजके हळूहळू सरकताना दिसतात. आपण त्यांना धुकं म्हणतो आणि पुढे जातो. थोडं थांबलं तर लक्षात येतं की पाणी हवेपेक्षा उबदार आहे, ते आपली साठवलेली ऊब अजून देतंच आहे. काठावर धोबी पक्ष्यांची शेपटी खालीवर होत असते. हेही थंडीपुरते आलेले. दूर चांदव्यांचा काळा थवा पाण्यावर पसरलेला असतो. गावाच्या बाजूने गुऱ्हाळाचा वास येतो, उकळत्या रसाचा, थोडा जळका, थोडा गोड. वरचं जग असं हळूहळू जागं होतं तेव्हा खाली एक जीव रात्रपाळी संपवून आपल्या जागेवर परतत असतो.

मिशाळ माशांविषयी मी बोलतो आहे. आपल्याकडच्या पाण्यात त्यांची घराणी बरीच. चिखलात राहणारा, हवेतूनही श्वास घेणारा मांगूर. पाठीवर आणि कल्ल्यांजवळ काटे बाळगणारा शिंगाळा, ज्याच्या तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असतात. आणि या सगळ्यांत मोठ्या तोंडाचा शिवडा, ज्याला कुणी वालशिवडा म्हणतात, कुणी पहाडी. शास्त्राच्या पुस्तकात तो वॅलागो अट्टू. अंगावर एकही खवला नाही. शरीर चपटं, लांब, चंदेरी-राखी. पोटाखालून शेपटीपर्यंत गेलेला एकच लांब पर सतत लहरत असतो. मिशांच्या दोनच जोड्या, पण वरची जोडी इतकी लांब की मागे वळवली तर अर्ध्या अंगाच्या आसपास पोचावी. जबडा डोळ्यांच्याही मागे जाईपर्यंत फाटलेला आणि त्यात आत वळलेल्या बारीक दातांच्या दाट रांगा. पुरुषभर लांबीचे शिवडे पूर्वी नोंदले गेले आहेत. आता हातभर लांबीचा दिसला तरी माणसं गोळा होतात.

हा मासा पाण्याला कसा ओळखत असेल, याचा विचार मला पुन्हा पुन्हा करावासा वाटतो. तळाशी उजेड जवळजवळ नाही. पावसाळ्यात गढूळ, हिवाळ्यात काळसर. डोळे आहेत, पण भरवसा त्यांच्यावर नाही. मिशाळ माशांच्या कातडीत चव घेणाऱ्या रुचिकळ्या पसरलेल्या असतात. मिशांवर सर्वांत दाट, पण पाठीवर, पोटावर, शेपटीपर्यंत. अमेरिकेतल्या एका जातीच्या अंगावर त्या लाखाहून जास्त मोजल्या गेल्या आहेत. म्हणजे हा जीव ज्या पाण्यात पोहतो ते सगळं पाणी तो चाखतो. कुठे झिंगा नुकताच कात टाकून मऊ पडलेला आहे, कुठे जखमी चिलापी आडोशाला थांबली आहे, कुठल्या ओढ्याचं ताजं पाणी आत येतं आहे, हे त्याला अंगाने कळतं. अंधाऱ्या स्वयंपाकघरात चूल चाचपणाऱ्या आजीच्या बोटांसारख्या त्याच्या मिशा गाळावरून फिरतात. घाई नसते, चूकही नसते.

शिवाय तो ऐकतो. हवेने भरलेली त्याची पोहण्याची पिशवी आणि आतला कान यांच्यामध्ये मणक्याच्या पहिल्या काही मण्यांपासून घडलेल्या इवल्या हाडांची साखळी असते. पाण्यातला आवाज पिशवीत थरथरतो आणि या हाडांवरून कानात पोचतो. वेबर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८२० साली तिचं वर्णन केलं. काठावर कुणी जोरात पाय आपटला तर तो खालच्या डोहात ऐकू जातो. मासेमारी करणारी जुनी माणसं पाण्याजवळ चपला काढून चालतात, त्यांना वेबर माहीत असण्याची गरज पडली नाही.

आणि याहूनही नाजूक एक जाण त्याच्याकडे आहे. कातडीतल्या सूक्ष्म खळग्यांतून त्याला विजेचा अतिशय मंद प्रवाह कळतो. प्रत्येक जिवंत शरीराभोवती असा प्रवाह असतो. गाळात लपलेली अळी श्वास घेते, तिचे स्नायू आक्रसतात, तेवढी कुजबुज त्याला पुरते. जपानात मिशाळ माशाची जमिनीखाली राहून भूकंप करणारा मासा म्हणून कथा आहे. तिथल्या हाताई आणि आबे या संशोधकांनी या माशांवर प्रयोग केले आणि १९३२ साली लिहिलं की भूकंपापूर्वी जमिनीतल्या विजेत जे बदल होतात त्यांनी हे मासे अस्वस्थ होतात. हे वाचलं तेव्हा मला आपलीच दोन पाणी आठवली. रंकाळा पूर्वी दगडाची खाण होता आणि एका भूकंपाने तिथे पाणी उसळून आलं, असं कोल्हापूरकर पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. दुसरं पाणी कोयनेचं. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपाची पहाट. कोल्हापुरातही घरं हलली, माणसं थंडीत रस्त्यावर आली. त्या रात्री कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या तळाला मिशाळ माशांनी काय अनुभवलं असेल? भूकंपाची पूर्वसूचना माशांकडून मिळते असं विज्ञान आज म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. पण पृथ्वीच्या पोटातली हालचाल अंगावर झेलू शकणारं एक कातडं आपल्या तळ्यात आहे, एवढंच मला पुरेसं विलक्षण वाटतं.

आता थंडीकडे येऊ. मासा आपल्या अंगाची ऊब स्वतः तयार करत नाही. पाणी जेवढं गार, तेवढा तो गार. पाणी दहा अंशांनी उतरलं तर त्याच्या शरीराचा सारा व्यवहार साधारण निम्म्या गतीवर येतो. आपल्याकडे थंडी इतकी कडक पडत नाही. म्हणून आपला शिवडा उत्तरेकडच्या बर्फाखालच्या माशांसारखा सुन्न होत नाही, फक्त मंदावतो. उगाच फिरत नाही. लहान मासे उन्हाला काठाजवळ येतात, मोठे खोल जागा धरतात. एकदा पोटभर खाल्लं की त्या घासावर बराच काळ काढतात. सूर्य बुडाल्यावर थोडा वेळ आणि उजाडण्यापूर्वी थोडा वेळ, एवढंच त्यांचं हिंडणं.

या खोल जागा कुठे असतात? धरणाचं पाणी वरून सगळं सारखं दिसतं. पण त्याच्या पोटात जुनी नदी अजून तशीच आहे. तिची वळणं, तिचे तुटलेले काठ, तिच्या पात्रातले काळे दगड. वर पाणी चढलं म्हणून नदीची वाट मिटत नाही. मोठे मासे हिवाळ्यात तिच्याच पात्रात जाऊन राहतात. ज्या नदीत त्यांचे पूर्वज राहिले, तिचं बुडालेलं घर त्यांना सापडतं. मला हे फार हलवून जातं. माणसांनी नकाशावर नदी संपवून जलाशय लिहिला. माशांच्या लेखी तो बदल झालेला नाही.

तुळशी जलाशयावरच्या एका वयस्क मासेमाराबरोबर मी रात्री काठावर बसलो आहे. जातीने भोई, पिढीजात पाण्याचे. मी त्यांना मामा म्हणतो. दिवसा थर्माकोलच्या तराफ्यावरून ते लांब नायलॉनची दोरी सोडतात, तिला ठरावीक अंतरावर गळ बांधलेले असतात. आमिष म्हणून गांडूळ, कधी चिलापीचा तुकडा. बुडालेली नदी ते डोळ्यांनी काढतात. समोरच्या डोंगराची खांड आणि अलीकडचं एक वाळलेलं झाड एका रेषेत आलं की दोरीचं पहिलं टोक सोडायचं. “नदी हितनं वळत्या,” ते हात वळवून दाखवतात, जणू ती अजून वाहते आहे. मी विचारलं, थंडीत मासा गळाला लागतो का? म्हणाले, “थंडीत त्यो लई हलत न्हाई. आपुनच त्येच्या दारात जायाचं. आन् घाई करू नगासा.”

रात्र चढत गेली. मृगाचे तारे डोक्यावर आले. पाण्याचा आवाज नव्हता, बेडूक कधीचे गप्प झालेले. एक ढोकरी ओरडत पलीकडे गेली. आमच्यामध्ये बोलणं संपलं होतं आणि कुणाला ते सुरू करावंसं वाटत नव्हतं. पहाटेच्या आधी मामा उठले, अनवाणी, आणि दोरीवर बोट ठेवून उभे राहिले. दोरी त्यांना काही सांगत होती. शिवड्याचा घास झटक्याचा नसतो. आधी तो आमिष मिशांनी चाचपतो, तोंडात घेतो, मग जड पावलांनी निघाल्यासारखा आपल्या दिशेला निघतो. दोरी नुसती सरकते. तेवढ्यावरून मामांनी ओळखलं.

वर आला तो त्यांच्या हाताएवढा होता, खांद्यापासून बोटांपर्यंत. विजेरीच्या उजेडात त्याच्या अंगावर क्षणभर जांभळट चमक फिरली, मग राखी. मिशा अजून हलत होत्या, हवेत, जिथे चाखायला काही नव्हतं. त्याच दोरीवर पुढे एक शिंगाळाही होता. तो हातात येताच गुरगुरला. कल्ल्याजवळचा काटा त्याच्या खोबणीत घासून हे मासे आवाज काढतात. “बोलतोय बगा,” मामा म्हणाले आणि काटा चुकवून त्याला नीट धरला. त्या काट्यातच त्याचं वय लिहिलेलं असतं. काटा आडवा कापून पातळ चकती भिंगाखाली धरली की वाढीची वलयं दिसतात. भरभर वाढलेल्या काळाचं रुंद, मंदावलेल्या काळाचं अरुंद.

दोन्ही मासे बाजारात गेले. मामांच्या घरचं त्यावर चालतं, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. तळ्यावर जगणाऱ्या माणसाचा तळ्यातल्या माशावर हक्क आहे. पाणकावळ्याचा आहे तसाच, उदमांजराचा आहे तसाच.

गळाने मासा धरण्याचा छंदही आपल्याकडे जुना आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद नावाचं एक प्रकरण आहे. कोणते मासे कुठल्या पाण्यात राहतात, त्यांना काय खाऊ घालून जवळ आणावं, दोरी कशाची असावी, काठी कशी असावी, हे सगळं त्यात येतं. त्याच काळात कोल्हापूरच्या शिलाहारांपैकी गंडरादित्याने गंडसमुद्र नावाचं मोठं तळं खोदवलं आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन यांची स्थापना केली. तीन देव एका पाण्याला साक्षी. या दोन गोष्टी मी मनात नेहमी शेजारी ठेवतो. एक राजा पाण्यात गळ सोडून तासन् तास बसलेला, दुसरा पाण्याला जागा करून देणारा. गळ टाकून बसणारा माणूस पाण्याकडे जितका वेळ पाहतो तितका वेळ आणखी कोण पाहतं? या छंदात शिकारीइतकीच उपासना आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच या छंदाकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

कारण तळाशी जे चाललं आहे ते एकट्या शिवड्याचं नाही. आजूबाजूच्या रानातला पाला ओढ्यांतून पाण्यात येतो, तळाला बसतो. त्यावर जिवाणू जगतात, जिवाणूंवर लालभडक अळ्या. त्यांचं रक्त आपल्यासारखं लाल, कारण तळाच्या तुटपुंज्या प्राणवायूला धरून ठेवायला त्यांनाही तोच पदार्थ लागतो. अळ्या झिंग्यांना, झिंगे चिलापीला, चिलापी शिवड्याला. गाळात अर्धे रुतलेले शिंपले पाणी गाळत बसलेले असतात, आणि गोड्या पाण्यातल्या अनेक शिंपल्यांची पिलं आपलं बालपण माशांच्या कल्ल्यांना चिकटून काढतात. शिंपला स्वतः फार दूर जाऊ शकत नाही. त्याची संतती मासा वाहून नेतो. वर मोठा भक्षक असला की लहान मासे बेसुमार वाढत नाहीत, आजारी आधी उचलले जातात. गावच्या वेशीवर जागल्या असायचा, तसा हा डोहाचा जागल्या.

त्याचे दिवस बरे नाहीत. जागतिक संकटग्रस्त यादीत शिवडा आज असुरक्षित जातींमध्ये आहे. कृष्णेच्या खोऱ्यातला त्याचा पांढुरका भाऊबंद, कर्नल साईक्सने १८३९ साली नाव दिलेला सिलोनिया चिल्ड्रेनाय, तर त्याच्याही पुढच्या पायरीवर. वाळू उपसली जाते तिथे डोह बुजतात. बंधारे चढणीचे मासे अडवतात. आणि आफ्रिकेतून आलेला मांगूर, ज्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली, तो चोरून पाळला जातो आणि पुरात निसटून नद्यांत शिरतो. जे समोर येईल ते खातो. त्याला पकडलं तर परत सोडू नये, एवढं मी निःशंकपणे सांगेन.

आपल्या शिवड्याचं मात्र वेगळं. पावसाळ्यात, नदी-ओढे दुथडी भरले की तो उथळ पाण्याकडे, बुडालेल्या गवताकडे, भातखाचरांच्या कडेला चढतो आणि तिथे अंडी घालतो. मोठ्या मादीच्या गाभोळीत ती लाखभर आणि त्याहूनही जास्त असू शकतात. समुद्री माशांच्या शेकडो जातींवरचा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की एक मोठी मादी तितक्याच वजनाच्या अनेक लहान माद्या मिळूनही घालणार नाहीत एवढी अंडी घालते. हिवाळ्यात ही गाभोळी अजून धरलेली नसते. नर कोण, मादी कोण, हे बाहेरून सहज कळतही नाही. मादी नुसती शांत पडून चरबी साठवत असते, ज्या चरबीतून पुढे आषाढ घडणार आहे. डिसेंबरात खोल डोहातून काढलेला सर्वांत मोठा मासा म्हणजे बहुधा तीच.

म्हणून रविवारी कोल्हापुरातून भारी काठ्या आणि रीळ घेऊन तळ्यांवर जाणाऱ्या हौशी मंडळींना मला विनवायचं आहे. तुमचं पोट या माशावर नाही. लहान-मध्यम शिंगाळा न्या, चिलापी हवी तितकी न्या. पण हातभराहून मोठा शिवडा लागला तर त्याला परत जाऊ द्या. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकावा, म्हणजे जबडा फाटत नाही. हात पाण्यात भिजवून मगच धरावं, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरची बुळबुळीत साय निघते आणि तीच त्याची रोगापासूनची ढाल असते. जबड्याला धरून उभा लटकवू नये, पोटाखाली आधार द्यावा. फोटो पाण्यातच काढावा.

आणि एक वही ठेवावी. तारीख, जागा, माशाची लांबी, पाण्याचं तापमान. कलावार आणि केळकर यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोल्हापूरच्या माशांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांना पाण्यावर जगणाऱ्या माणसांच्या डोळ्यांवर अवलंबून राहावं लागलं असणार. आजही तसंच आहे. भरलेली वही शिवाजी विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. त्याला शिवडा पाहायचा तर मासळीबाजारात जावं लागतं. तिथे तो बर्फावर असतो, आणि कुठल्या डोहातून, किती खोलीवरून, कोणत्या रात्री आला, हे विकणाऱ्या मावशींनाही सांगता येत नाही.